तो मी नव्हेच, तोच मी: जुना खलनायक, नवा नट आणि आपली साधनं

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे प्रत्यक्ष बघितलाय. निदान मी लहानपणापासून असंच ऐकत आलेय. अंबडला, गणपतीत, उघड्या मैदानावर, थंडी वाजेपर्यंत बसून. कोर्टात उभं राहून साक्षीदाराच्या तोंडावर "तो मी नव्हेच" कसं म्हणायचं, हे आबा आजही करून दाखवतात आणि घरातली पोरं हसतात.

कोर्सवर्कला असताना मौखिक इतिहासाचा एक सराव होता. एकाची मुलाखत घ्या, शब्दन् शब्द उतरवा आणि मग तपासा. घरचा माणूस सोपा पडेल म्हणून मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून आबांसमोर बसले. या नाटकाचा फिरता रंगमंच फार गाजला होता, तेव्हा सहज विचारलं, आबा, तो रंगमंच फिरायचा कसा हो? आबा म्हणाले, कसला फिरता, पडदा होता, दोन पोरं दोरी ओढायची. तेवढ्यात आतल्या खोलीतून वडील ओरडले, "अहो ते पणशीकर नव्हते, कचेरीतले कारकून होते. हौशी मंडळाचा प्रयोग होता तो."

आबा जरा थांबले. मग म्हणाले, "असंल. पन व्हता पणशीकरच."

हे वाक्य माझ्या वहीत लाल पेनानं लिहिलेलं आहे. तुमच्यापैकी जे पेटच्या तयारीत आहेत किंवा संशोधन आराखडा लिहायला बसलेत, त्यांच्यासाठी आजचा लेख याच वाक्याभोवती आहे. चूक आबांची आहे हे खरंच. पण ती नुसती चूक म्हणून खोडून टाकली तर हातातला पुरावा जातो. आबांच्या लेखी ‘पणशीकर’ हे माणसाचं नाव उरलेलंच नव्हतं, ते त्या भूमिकेचं नाव झालं होतं. नवा नट उभा राहिला, टाळ्या घेतल्या, घरी गेला. स्मरणात मात्र त्याच्या अंगावर जुन्याच नटाचं नाव चिकटलं.

माझा स्वतःचा विषय थोडा वेगळा आहे. एका गाजलेल्या विज्ञानकथा मालिकेतल्या खलनायकाचा मी अभ्यास करते. त्याची भूमिका पन्नास वर्षांत नटामागून नट करत आले आणि दरवेळी त्याचा अर्थ बदलत गेला. आराखड्याच्या सादरीकरणात मला विचारलं गेलं, "हा इतिहासाचा विषय कसा?" प्रश्न रास्त होता, आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आता देता येतं असं वाटतं. त्यासाठी आधी लखोबाकडेच जाऊ, कारण मराठी वाचकाला हा प्रश्न त्याच्यापासून समजून घेणं सोपं जातं.

आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगभूमीवर आलं. दिग्दर्शन मो. ग. रांगणेकरांचं. खऱ्या खटल्यावरून सुचलेली गोष्ट: एक माणूस वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या वेशांत लोकांना फसवतो, लग्नं करतो, पैसा लुबाडतो आणि कोर्टात प्रत्येक साक्षीदाराला ओळख नाकारतो. निपाणीचा तंबाखूवाला लखोबा, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज, दाजीशास्त्री, असे पाच अवतार पणशीकर एकटे करायचे. कोर्ट आणि भूतकाळ यांच्यात झटपट ये-जा करायला फिरता रंगमंच वापरला होता. म्हणजे इथे नट एक आणि चेहरे पाच, आणि पात्राचं म्हणणं एकच, तो मी नव्हे. गंमत बघा, पणशीकरांनी पुढे आत्मचरित्र लिहिलं त्याचं नाव ‘तोच मी!’ त्यांच्यानंतर अलीकडच्या काळात डॉ. गिरीश ओक यांनी लखोबा केला तेव्हा त्यांच्यापुढचा पेच उघड होता. प्रेक्षागृहातल्या अर्ध्या लोकांच्या कानात आधीच एक आवाज होता.

या गोष्टीवर नाट्यअभ्यासात बरंच लिहिलं गेलंय. मार्विन कार्लसन या अमेरिकन अभ्यासकाचं २००१ सालचं पुस्तक तर रंगमंचाला झपाटलेली जागाच मानतं. प्रेक्षक नटाला बघतो तेव्हा त्याच्या आधीच्या भूमिका आणि त्या भूमिकेतले आधीचे नट, दोन्ही भुतांसारखे सोबत येतात, असं त्याचं म्हणणं. पुस्तक वाचायच्या कितीतरी आधी हे मला जालन्यातच कळलं होतं. दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ लागायचं, १९९७ साली सुरू झालेलं. भारनियमनातून वाट काढून तो भाग बघायला मिळाला की आम्ही पोरं तमराज किल्विष दिसताच उशी तोंडावर घ्यायचो, आणि मागून आई निवांतपणे म्हणायची, "हे तर द्रोणाचार्य." सुरेंद्र पाल. समोर मुकेश खन्ना, म्हणजे तिच्या लेखी भीष्म. आम्ही अंधार आणि उजेडाची लढाई बघत होतो, ती कौरवांच्या बाजूचे दोन म्हातारे आपसात भांडताना बघत होती. किल्विषची भूमिका त्या मालिकेत दुसऱ्या नटाकडे गेली नाही, त्यामुळे आपला प्रश्न तिथे पुढे सरकत नाही. तो सरकतो ब्रिटनमधल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेत.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीबीसीवर १९६३ पासून चालत आलेली मालिका. ‘डॉक्टर’ नावाचा परग्रहावरचा प्रवासी काळातून हिंडतो. मरणाच्या दारात आला की त्याचं शरीर बदलतं, चेहरा नवा, स्वभाव थोडा नवा, आठवणी त्याच. पहिला नट आजारपणामुळे थकला तेव्हा १९६६ साली काढलेली ही तोड होती. म्हणजे नट बदलण्याची सोय कथेच्या पोटातच शिवून टाकली.

१९७१ च्या जानेवारीत या डॉक्टरला त्याच्याच जातीचा शत्रू मिळाला. त्याचं नाव ‘मास्टर’. निर्माता बॅरी लेट्स आणि पटकथा संपादक टेरेन्स डिक्स यांनी तो ठरवून बनवला. त्यांचा डॉक्टर शेरलॉक होम्ससारखा, मग त्याला एक मोरियार्टी हवा. भूमिका मिळाली रॉजर डेल्गाडोला. काळी दाढी, हातमोजे, मऊ आवाज, संमोहन करणारे डोळे, आणि शिष्टाचार असा की वाटावं हा माणूस खून करण्याआधी दार ठोठावून परवानगी मागेल. समोर डॉक्टरच्या भूमिकेत जॉन पर्टवी. दोघं खऱ्या आयुष्यात जिवलग मित्र, आणि ते पडद्यावर दिसतं. भांडतात ते जुन्या वर्गमित्रांसारखे. पहिल्या वर्षी तर पाचच्या पाच कथांत मास्टर आहे.

जून १९७३ मध्ये डेल्गाडो तुर्कस्तानात एका चित्रीकरणासाठी गेला होता. तिथे मोटार अपघातात तो गेला, वय ५५.

आता हा भाग सावकाश वाचा. मास्टर डॉक्टरच्याच जातीचा आहे, त्यामुळे शरीर बदलण्याची सोय त्यालाही लागू होती. पुढच्या आठवड्यात नवा नट आणून "हाच तो" म्हणता आलं असतं. कुणी आणला नाही. तीन वर्षं मास्टर मालिकेत दिसलाच नाही. १९७६ साली रॉबर्ट होम्स या लेखकानं त्याला परत आणलं, आणि कसं आणलं? सडलेलं प्रेत म्हणून. पीटर प्रॅट नावाचा नट, जो मुळात संगीतिकांमधला गायक, मुखवट्याआड पूर्ण लपवलेला. डोळे बाहेर आलेले, कातडी जळालेली. डेल्गाडोच्या देखणेपणाचा मागमूस नाही. जुन्या नटाची जागा नव्यानं भरली नाही, जागा रिकामी आहे एवढंच दाखवलं. माझ्या मते या मालिकेच्या इतिहासातला नट बदलण्याचा सगळ्यात प्रामाणिक क्षण हाच. पुष्कळ जाणकार तो नुसता तात्पुरता उपाय मानतात, मला ते पटत नाही.

पण तात्पुरत्या उपायांचंही एक असतं. हा सडला का, याचं कारण कथेत द्यावं लागलं. मग होम्सनं नियम काढला की या जातीला शरीर बाराच वेळा बदलता येतं, आणि मास्टरचे बारा संपले. एका कथेपुरता केलेला हा जुगाड पुढे खुद्द नायकाच्या मानगुटीवर बसला. २०१३ साली डॉक्टरचे बारा भरले तेव्हा त्यातून सुटायला स्वतंत्र कथा रचावी लागली. एखाद्या वर्षीच्या दुष्काळापुरता काढलेला हुकूम पुढे पिढ्यान्‌पिढ्या कायदा म्हणून चालावा, तसं. दफ्तरखान्यात बसणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. एखादा नियम दिसला की तो कोणत्या अडचणीतून जन्मला हे विचारायचं, मगच त्याला परंपरा म्हणायचं.

१९८१ मध्ये जेफ्री बीव्हर्सनं हाच सडलेला मास्टर एका कथेत केला. त्या कथेच्या शेवटी मास्टर ‘ट्रेमास’ नावाच्या सज्जन माणसाचं शरीर बळकावतो. नावातच चोरी दिसते, अक्षरं फिरवा, मास्टर होतो. पुढे १९८९ पर्यंत हा मास्टर अँथनी एन्लीनं केला. काळी दाढी परत आली, काळा पोशाख परत आला. डेल्गाडोची छाप हवी असा निर्मात्यांचा आग्रह दिसतोच, आणि मला एन्लीची बरीच वर्षं त्या छापेखाली दबलेली वाटतात. शेवटच्या ‘सर्व्हायव्हल’ या कथेत तो एकदाचा मोकळा होतो, शांत आणि खरोखर भीतीदायक, आणि नेमकी तिथेच जुनी मालिका संपते. १९९६ च्या दूरचित्रपटात एरिक रॉबर्ट्स येऊन गेला. त्यावर मी वेळ घालवत नाही, तुम्हीही घालवू नका.

एन्लीच्या काळात मी एक चूक केली, ती सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. नटांची यादी करताना १९८२ च्या ‘कॅस्ट्रोव्हाल्वा’ या कथेत मला श्रेयनामावलीत ‘नील टॉयने’ असं नाव सापडलं. पोर्टरीव्ह नावाच्या एका म्हाताऱ्याची भूमिका. मी कार्ड केलं: नील टॉयने, चरित्र अभिनेता, इतर कामं शोधणे. काही महिने ते कार्ड डब्यात होतं. इतर कामं सापडेनात. मग दुसऱ्या एका कथेत ‘लिऑन नी ताय’ सापडला, तिसरीत ‘जेम्स स्टोकर’. तिघांचंही दुसरीकडे कुठेच काम नाही. एका रात्री वहीच्या मागच्या पानावर नावं रोमन लिपीत लिहिली आणि मला घाम फुटला. पहिल्या दोन नावांची अक्षरं फिरवली की ‘टोनी एन्ली’ होतं. तिसऱ्याची फिरवली की ‘मास्टरची थट्टा’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होतात. तिन्ही भूमिकांत वेश बदललेला मास्टरच होता, प्रेक्षकाला आधी कळू नये म्हणून श्रेयनामावलीच खोटी छापली होती!

प्राथमिक साधन आहे म्हणून ते खरंच असतं असं नाही. हे आपण पहिल्याच तासिकेला लिहून घेतो. पण प्राथमिक साधन मुद्दाम, हौसेनं, तुमची गंमत करायला खोटं बोलू शकतं, हे मला नील टॉयनेनं शिकवलं. ते कार्ड मी फाडलेलं नाही.

आणखी एक अडचण साधनांचीच. बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकांत चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या. साठच्या दशकातले या मालिकेचे नव्वदच्या आसपास भाग त्यामुळे हरवलेच. डेल्गाडोच्या कथा पूर्ण वाचल्या, पण काहींचा रंग गेला. ‘द माइंड ऑफ इव्हिल’ ही कथा कित्येक दशकं फक्त कृष्णधवल प्रतीत उपलब्ध होती. २०१३ साली ती पुन्हा रंगीत करून बाजारात आली. म्हणजे १९७१ चा रंगीत डेल्गाडो, पुढच्या पिढीचा काळा-पांढरा डेल्गाडो आणि आज मी मोबाईलवर बघते तो संगणकानं रंग परत दिलेला डेल्गाडो, हे तीन वेगळे पुरावे आहेत. मूळ नट म्हणून आपण ज्याच्याशी नव्याची तुलना करतो तोसुद्धा मधल्या काळात बदललेला असतो. आबांच्या पणशीकरांसारखाच.

आता मुख्य मुद्दा. नव्या नटानं खलनायकाचा नवा अर्थ लावला असं आपण म्हणतो तेव्हा नजर खलनायकाच्याच चेहऱ्यावर ठेवतो. दाढी आहे का, हसतो कसा, आवाज कसा. मीही दीड वर्ष तेच केलं, पानंच्या पानं भरली, आणि मार्गदर्शकांनी एका वाक्यात विचारलं, "समोर कोण उभं आहे?" तिथून माझं काम फिरलं.

बघा ना. पर्टवीचा डॉक्टर खानदानी, रुबाबदार, म्हणून डेल्गाडोही खानदानी. २००७ साली मालिकेच्या नव्या अवतारात मास्टर परत आला. आधी डेरेक जेकोबी एका प्रेमळ प्राध्यापकाच्या रूपात येतो, आपण मास्टर आहोत हे स्वतःच विसरलेला. त्याच्या खिशातल्या घड्याळातून कुजबुज ऐकू येते, आणि त्या कुजबुजीत डेल्गाडो आणि एन्लीचे जुने आवाज मिसळलेले आहेत. कार्लसनचं भूत अक्षरशः खिशात घेऊन फिरणारा नट! मिनिटा-दोन मिनिटांत तो मरतो आणि त्या जागी जॉन सिम उभा राहतो: तरुण, चंचल, पाचकळ विनोद करणारा, नाचणारा, आणि ब्रिटनचा पंतप्रधान झालेला. हा वेडेपणा आला कुठून? समोरच्या डेव्हिड टेनंटकडे बघा. तोही तरुण, चंचल, बडबड्या. सिमचा मास्टर म्हणजे टेनंटचा डॉक्टर, फक्त आतली दया काढून टाकलेला.

मग २०१४ साली मिशेल गोमेझ. मास्टर आता बाई झाला, नाव ‘मिसी’. यावर तेव्हा फार आरडाओरड झाली, तिच्या खोलात मी जात नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की समोरचा पीटर कॅपाल्डीचा डॉक्टर त्या वर्षी स्वतःलाच विचारत होता, मी भला माणूस आहे का? म्हणून मिसी त्याची जुनी मैत्रीण होऊन येते आणि पुढे उलटा प्रश्न विचारते, मी भली होऊ शकते का? २०१७ मध्ये सिम आणि गोमेझ, म्हणजे एकाच खलनायकाचे दोन नट, एकाच कथेत समोरासमोर येतात. ती शेवटी डॉक्टरच्या बाजूनं उभं राहायचं ठरवते, आपल्याच जुन्या रूपाला भोसकते, आणि जुनं रूप मरता मरता तिच्या पाठीत गोळी घालतं. ती बदलली होती, हे डॉक्टरला कधीच कळत नाही. हा प्रसंग मी कितीदा बघितला असेल, मोजलेलं नाही.

यानंतर २०२० च्या १ जानेवारीला साशा धवन. आता तुमच्यातले काही सावरून बसले असतील, धवन म्हटल्यावर आपला माणूस! मीही बसले होते. म्हणून सांगते, तो इंग्लंडमध्ये जन्मलेला ब्रिटिश नट आहे, भारतीय वंशाचा. आपल्याला वाटणारा अभिमान ही आपली गोष्ट झाली. तो आपल्याबद्दलचा पुरावा ठरेल, त्याच्या अभिनयाबद्दलचा ठरणार नाही.

पण एक धागा सोडवत नाही. या मालिकेची अगदी पहिली कथा १९६३ साली दिग्दर्शित केली ती वारिस हुसेन यांनी. जन्म लखनौचा, तेव्हा वय चोवीस. गोऱ्यांनी भरलेल्या त्या स्टुडिओत हा तरुण पोरगा. २०१३ साली मालिकेच्या पन्नाशीला तिच्या जन्माची गोष्ट सांगणारं एक नाट्य बीबीसीनं केलं, त्यात वारिस हुसेन झाला होता साशा धवन. सात वर्षांनी तोच मास्टर झाला. आमच्या आईनं किल्विषात द्रोण बघितला, तसा मला या मास्टरमध्ये वारिस हुसेन दिसतो, इलाज नाही.

धवनचा मास्टर आधी एक भिडस्त, मदतीला तत्पर माणूस म्हणून भेटतो. नंतर मुखवटा गळतो आणि आतून संताप बाहेर येतो. त्यानं आपला ग्रहच जाळलाय, कारण आपल्या जातीचा खरा इतिहास त्याला दप्तरात सापडलाय. हो, दप्तरात! पुरावा वाचून वेडा झालेला खलनायक. आपल्या धंद्यातल्या माणसाला याबद्दल थोडी सहानुभूती वाटणारच. गोमेझच्या मिसीनं मिळवलेला चांगुलपणा कुठे गेला, याचं उत्तर मात्र ती कथा देत नाही. तुमच्या साधनात अशी दरी आली की ती भरायची घाई करू नका. दरी आहे असं लिहा आणि पुढे जा.

आता त्याच कथेतला एक प्रसंग. १९४३ चं पॅरिस, जर्मनांच्या ताब्यातलं. मास्टर नाझी अधिकाऱ्याच्या गणवेशात फिरतोय. सावळ्या माणसाला हे कसं जमलं? त्याच्याकडे एक यंत्र आहे, त्यामुळे बघणाऱ्यांना तो वेगळा दिसतो. डॉक्टर या वेळी जोडी व्हिटेकर, म्हणजे पहिल्यांदाच बाई. ती ते यंत्र बंद पाडते आणि तो हेर असल्याची खोटी खबरही पोचवते. नाझी सैनिक त्याला त्याच्या खऱ्या रूपात बघतात आणि धरून नेतात. या प्रसंगावर तेव्हाच टीका झाली. मला वाटतं ती योग्य होती. एरवी पूर्ण कथेत त्याच्या रंगाचा उल्लेखही नाही. पटकथेला तो रंग एकदाच दिसतो, आणि तेव्हा तो नायिकेच्या हातातलं हत्यार होतो. त्याच कथेत नूर इनायत खानही आहे, टिपू सुलतानाच्या वंशातली, पॅरिसमधून ब्रिटिशांसाठी बिनतारी संदेश पाठवणारी, जिला १९४४ साली डाखाऊच्या छळछावणीत मारलं गेलं. तिच्या शेजारी उभं राहून नायिकेनं एका सावळ्या माणसाला नाझींच्या हाती द्यावं आणि कथेला त्यात काही खटकू नये, याचा अर्थ काय लावायचा? मास्टर हा खुनी आहे हे मान्य. प्रश्न मास्टरच्या न्यायाचा नाहीच, प्रश्न लिहिणाऱ्याला काय दिसलं आणि काय दिसलं नाही याचा आहे. आणि तो कळतो समोर उभ्या असलेल्या डॉक्टरकडे बघितल्यावरच. मास्टरच्या चेहऱ्यावर तो शोधला असता तर फक्त ‘धवनचा अभिनय प्रभावी आहे’ एवढं हाती लागलं असतं. प्रभावी आहेच.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये धवनचा मास्टर शेवटचं टोक गाठतो. तो डॉक्टरला जबरदस्तीनं शरीर बदलायला लावतो, आणि डॉक्टरच्या जागी उभा राहतो तो स्वतःच. तिचे कपडे घालतो, जुन्या डॉक्टरांच्या वस्तू अंगावर चढवतो आणि जाहीर करतो की आता मीच डॉक्टर. मला एकदम निपाणीचा लखोबा आठवला. लखोबा साठ वर्षं ओळख नाकारत आला. हा उलटा, दुसऱ्याची ओळख हिसकावून म्हणतोय, तोच मी.

तर आराखडा लिहिताना माझ्यासारखी दीड वर्षं घालवू नका. नट बदलला, दिग्दर्शक बदलला, राजा बदलला, पाटील बदलला, काहीही असो, बदललेल्या माणसाचं वर्णन एका परिच्छेदात उरका आणि लगेच समोरच्या माणसाकडे वळा. आधी काय होतं हे सांगणारी साधनं स्वतः कधी तयार झाली ते तपासा, बदलाच्या आधी की नंतर. आणि इतिहास म्हणून विषय चालेल का असं कुणी विचारलं तर सांगा, की पन्नास वर्षांत एका समाजानं दुष्टपणा कुणाच्या तोंडावर रंगवायचा हे किती वेळा आणि का बदललं, हा प्रश्न इतिहासाचा नाही तर कुणाचा?

हे सगळं डोक्यात असताना गेल्या दिवाळीत मी पुन्हा गावी गेले आणि लखोबाचा विषय काढला. या वेळी आबांना विचारलं, की कोर्टात साक्षीला उभ्या राहिलेल्या बायका कोण होत्या? त्या कुणी केल्या? आबा विचारात पडले. कारकुनाचा आवाज, पडद्याची दोरी, पेट्रोमॅक्सचा उजेड, सगळं आठवत होतं. बायका एकही आठवेना.

आजी चुलीपाशी भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "परभणीहून आनली व्हती एक बाई. हिरवं लुगडं. ती रडाय लागली तवा समदे हसत व्हते, मी उठून घरी आले."

पन्नास वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं, की तूही ते नाटक बघायला गेली होतीस का. मी भाकरी होईपर्यंत थांबले आणि मग मोबाईल रेकॉर्डिंगला लावला.